तांब्याचं नाणं आणि चिंचेचं पाणी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात तांब्याच्या जुन्या नाण्यांवर दोन पानं लिहिली आणि त्यानंतर इतके प्रश्न आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाहीये, म्हणून ज्यात बऱ्याच जणांचं काम होईल असे आठ निवडलेत. काही पत्रं लांब होती, ती थोडी कापली आहेत, राग मानू नका.

प्रश्न: आमच्या आज्जींच्या ट्रंकेत एक पितळी डबा सापडला, त्यात चाळीसेक तांब्याचे पैसे आहेत, काहींवर १८३५ आहे, काहींवर राणीचा चेहरा. सगळे काळपट पडलेत. सासूबाई म्हणतात चिंचेच्या पाण्यात रात्रभर टाक, लख्ख होतील. टाकू का? (एक वाचक, सांगली)

नका टाकू ताई. प्लीज. पत्र वाचून माझ्या पोटात गोळाच आला, कारण तुम्ही विचारेपर्यंत ते होऊन गेलेलं नसू दे एवढंच मनात होतं.

सासूबाईंचं चूक नाहीये हो, तांब्याचा हंडा, देवाचा तांब्या, समई हे सगळं आपण पिढ्यान् पिढ्या चिंचेनं आणि लिंबानंच घासत आलोय. पण हंड्याला पाणी भरायचं असतं, नाण्याला आपली कातडी जपायची असते. टकसाळीतून बाहेर पडल्या दिवसापासून तांबं हवेशी बोलायला लागतं आणि त्याच्यावर ऑक्साइडचा एक पातळ थर चढतो, आधी नारिंगी लाल, मग तांबूस तपकिरी, मग चॉकलेटी. तो थर म्हणजे घाण नव्हे, तोच नाण्याचा मूळ पृष्ठभाग आहे, आणि जाणकार माणूस पैसे मोजतो ते त्या थराचे. चिंचेतलं आम्ल तो थर खाऊन टाकतं आणि खालचं कच्चं गुलाबी तांबं उघडं पडतं, दोन दिवस चमकतं, मग आठवड्याभरात डागाडागांनी काळं पडायला लागतं. एकदा गेलेला तो रंग कुठल्याही उपायानं परत येत नाही, अगदी कुठल्याच.

मी नववीत असताना माझ्या काकांनी मला १८३५ चा एक पाव आणा दिला होता, ढालीच्या दोन्ही बाजूंचे सिंह अंगावरच्या आयाळीसकट दिसत होते असा. मी तो लिंबू आणि मिठानं घासला, शाळेत दाखवायचा होता म्हणून. तो अजून माझ्याकडे आहे आणि त्या गुलाबी-काळ्या चट्ट्यांकडे बघून अजूनही वाईट वाटतं.

आता तुमच्या डब्याचं काय करायचं. आधी जाड टॉवेल अंथरा, नाणी एकेक करून कडेला धरून ठेवा, बोटं नाण्याच्या सपाट भागावर लावायची नाहीत कारण घामाचा ठसा तांब्यावर महिन्या-दोन महिन्यांत कायमचा उमटतो. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, घासायचं नाही, नुसतं भिजू द्यायचं. तेलकट किंवा चिकट असेल तर शुद्ध अॅसिटोन, केमिकलच्या दुकानात मिळतं, नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही त्यात सुगंध आणि तेलं असतात. काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब, दोन-तीन मिनिटं, आणि बाहेर काढून आपोआप वाळू द्या. बस. याच्या पुढे घरी काहीही करायचं नाही, ब्रश नाही, भांड्याची पावडर नाही, टूथपेस्ट तर मुळीच नाही.

आणि १८३५ वाली जरा वेगळी काढून ठेवा. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीनं सगळ्या इलाख्यांसाठी एकच चलन आणलं, त्याआधी मुंबईचं वेगळं, मद्रासचं वेगळं, बंगालचं वेगळं होतं. त्यातला पाव आणा म्हणजे आपला एक पैसा, वजन १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर मोजून बघा, किती झिजलंय त्याचा अंदाज लगेच येईल. खूप मोठ्या संख्येनं पाडली गेलेली नाणी आहेत ही, झिजलेली असतील तर किंमत फार नाही, पण चाळीसात एखादं जरी न घासलेलं, लालसर छटा राहिलेलं निघालं ना तर ते बाकी सगळ्यांपेक्षा भारी असेल.

प्रश्न: एका डीलरनं मला व्हिक्टोरियाचा पाव आणा दाखवला, प्लास्टिकच्या बंद डबीत, वर लिहिलंय एमएस ६४ आरबी. तसंच दिसणारं दुसरं नाणं सुटं होतं आणि किंमत पाव सुद्धा नव्हती. हा फरक कशाचा? डबीचे पैसे मोजायचे का? (नागपूर)

डबीचे नाही, नाण्याचेच मोजायचे, पण डबी काय सांगतेय ते समजून घेऊन.

डबीवरचा ६४ म्हणजे १ ते ७० च्या मोजपट्टीवरचा नाण्याचा दर्जा. ही मोजपट्टी अमेरिकेतल्या विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडली आणि मला नेहमी भारी वाटतं ते हे की ती मुळात तांब्याच्याच नाण्यांसाठी होती, अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी. कल्पना अशी की १ नंबरच्या नाण्याची जी किंमत त्याच्या ७० पट किंमत ७० नंबरच्या नाण्याची. ते किमतीचं गणित फार दिवस टिकलं नाही पण आकडे टिकले. ६० आणि त्याच्या वर म्हणजे वापरात न आलेलं, त्यालाच मिंट स्टेट म्हणजे एमएस म्हणतात. ५० ते ५८ म्हणजे किंचित हात लागलेलं, ४० च्या आसपास म्हणजे उंच भागांवर झीज दिसते, आणि वीस-तीस म्हणजे खिशाखिशांतून बऱ्यापैकी फिरलेलं.

तांब्याला याच्या पुढे एक अक्षर लागतं, जे चांदीला लागत नाही. आरडी म्हणजे रेड, साधारण ९५ टक्के किंवा जास्त मूळ लाली शिल्लक. बीएन म्हणजे ब्राऊन, पाच टक्क्यांहून कमी लाली. आणि मधलं सगळं आरबी, लाल-तपकिरी. म्हणजे तुमच्या डबीत वापरात न आलेलं, पृष्ठभाग चांगला असलेलं, थोडी लाली राखून बाकी तपकिरी झालेलं नाणं आहे.

सुटं नाणं तसंच दिसतं म्हणता, ते "तसंच" नीट तपासा. दहा पटीचं भिंग घ्या आणि एका दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करा. मूळ झळाळी असेल तर उजेडाचा पट्टा नाण्यावरून चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. घासलेल्या नाण्यावर उजेड फिरत नाही, सगळीकडून एकसारखा मारतो आणि भिंगातून एकाच दिशेनं गेलेले केसांसारखे बारीक ओरखडे दिसतात. मग राणीच्या कानावरचे केस आणि मुकुट बघा, झीज तिथे आधी येते. आणि रंग! खरी लाली नारिंगीकडे झुकते आणि अक्षरांच्या आडोशाला जास्त टिकते, मोकळ्या मैदानात आधी जाते. अक्षरांच्या खाचेत काळं आणि उघड्या भागावर गुलाबी असं उलटं दिसलं की ते नाणं कुणीतरी घासलंय, मग ते कितीही चकचकीत असो.

माझं मत विचाराल तर नवशिक्यानं आरडीच्या मागे लागूच नये. लाली टिकवणं आपल्या हवेत अवघड आहे, आज आरडी घेतलेलं नाणं नीट ठेवलं नाही तर पाच पावसाळ्यांनंतर आरबी होतं आणि डबीवरचं अक्षर मात्र तेच राहतं. एकसारखा चॉकलेटी रंग, खाली जिवंत झळाळी, डाग नाही, असं बीएन नाणं मला जास्त आवडतं आणि पैसेही कमी लागतात.

प्रश्न: आमच्याकडे १८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं राम दरबाराचं तांब्याचं नाणं आहे, देवघरात असतं. फोनवर एक माणूस म्हणतो बावीस लाख मिळतील, पण आधी नोंदणीचे साडेचार हजार भरा. भरू का? (बार्शी)

एक पैसा भरू नका, नंबर ब्लॉक करा, आणि आधीच काही भरलं असेल तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली फी किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेनं स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय, बँक कुणालाही असे पैसे गोळा करायला नेमत नाही.

आणि नाण्याबद्दल. कंपनीनं राम दरबार, हनुमान, कमळ, ओम असलेलं नाणं कधीच पाडलेलं नाही. त्यावर "वन आना" लिहिलेलं असतं, पण एक आण्याचं नाणं आपल्याकडे व्यवहारात आलं तेच मुळी १९०७ साली, ते सुद्धा तांब्याचं नव्हे तर तांबं-निकेलच्या मिश्रणाचं. हे तीर्थाच्या ठिकाणी विकले जाणारे टाक आहेत. तुमच्या घरात त्याची पूजा होते ना, मग ते देवघरातच राहू द्या, तिथे त्याला पूर्ण मान आहे. फक्त ते कंपनीचं नाणं नाही.

प्रश्न: शिवराईला ग्रेडिंग कसं लावायचं? माझ्याकडे सात-आठ आहेत, एकावरही पूर्ण अक्षरं नाहीत, म्हणजे सगळ्या कमी दर्जाच्या का? (सातारा)

हा प्रश्न मला फार आवडला. नाही, तसं अजिबात नाही.

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, यंत्रावर पाडलेली नाही, हातानं पाडलेली आहे. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे एका बाजूचं श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूचं छत्र पति हे सगळंच्या सगळं चकतीवर येईल याची खात्री नव्हतीच कधी. कुठे "श्री" बाहेर गेलाय, कुठे "पति" अर्धा, कुठे भोवतीचे ठिपके फक्त एका बाजूला. यंत्राच्या नाण्याची पट्टी तिला लावली तर अन्याय होतो. इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या, एक म्हणजे ठसा किती उमटला आणि दुसरी म्हणजे उमटलेला किती टिकला. अर्धीच अक्षरं पण ती धारदार आणि उंच असलेली शिवराई, ही पूर्ण पण सपाट झालेल्या शिवराईपेक्षा वरच्या दर्जाची म्हणता येते. आणि मधोमध बसलेली, पूर्ण अक्षरांची, धारदार, शिवाय न घासलेली अशी जर कधी हातात आली तर तिची किंमत कुठल्याही पट्टीनं मोजता येत नाही, दोन लिलावांत दोन टोकाचे आकडे दिसतात.

दुसरं म्हणजे सगळ्या शिवराया महाराजांच्या काळातल्या नसतात हेही लक्षात घ्या. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई, पण त्याच मजकुराची नाणी पुढे छत्रपती आणि पेशव्यांच्या काळात कितीतरी वर्षं पाडली जात होती आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत होती. "छत्र" आणि "पति" यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा दिसल्या तर ती दुदांडी, ती नंतरची. "शिव" ऐवजी "सिव" असंही सापडतं. अक्षरांचं वळण, वजन, ठिपके यावरून अभ्यासक काळ ठरवतात, आणि म्हणूनच घासून अक्षराची धार घालवली की नुसती किंमत नाही, ते नाणं कुणाच्या काळातलं हे सांगायची सोयही जाते.

नकली भरपूर आहेत. बहुतेक ओतीव असतात, भिंगातून बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, अक्षरं साबणासारखी मऊ असतात, कडेला जोडाची रेघ असते. दोन शिवराया अगदी हुबेहूब, त्याच ठिकाणी तोच खड्डा, अशा दिसल्या तर दोन्ही न घेता परत ठेवून द्या.

प्रश्न: १८०८ चं वीस काशचं नाणं घेतलं, दोनशे वर्षांचं असून काल पाडल्यासारखं दिसतं. फसलो का? (पुणे)

कदाचित मुळीच नाही. १८०८ ची दहा आणि वीस काशची (काश म्हणजे तिकडचं छोटं चलन) नाणी कंपनीनं मद्रास इलाख्यासाठी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टकसाळीत पाडून घेतली होती, मॅथ्यू बोल्टन यांची वाफेवर चालणारी टकसाळ ती. त्यांचा मोठा साठा घेऊन अॅडमिरल गार्डनर नावाचं जहाज मद्रासला निघालं आणि जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या केंट किनाऱ्याजवळ, गुडविन सँड्सच्या वाळूत वादळात बुडालं. १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी ती नाणी वर काढली. लाकडी पिंपात घट्ट भरलेली, त्यामुळे पिंपाच्या मधली नाणी खाऱ्या पाण्यापासून बरीच वाचली. म्हणजे कुणाच्याच हातात न गेलेली नाणी, मद्रासच्या बाजारात एकही दिवस न चाललेली.

म्हणून पृष्ठभाग बघा. अक्षरं धारदार पण अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे किंवा खरखरीतपणा असेल तर तो समुद्राचा, झीज नाही. कुणी चकचकीत पॉलिश केलं असेल तर मात्र सोडा. मागच्या बाजूला फारसीत वीस काश म्हणजे चार फलूस (तांब्याचे पैसे) असा मजकूर असतो, तो स्पष्ट हवा. पावतीवर "जहाजातलं" असं लिहून घ्या, पुढे विकताना कुणाची फसवणूक व्हायला नको.

प्रश्न: पावसाळ्यात नाण्यांवर हिरवट पूड येते. पुसली तरी परत येते. अल्बम चांगला महागातला आहे. (चिपळूण)

तुमच्या पत्रात दोन वेगळे आजार आहेत बहुतेक, आणि त्यातला एक अल्बममुळेच असेल.

हिरवं चिकट, तेलासारखं, पाकिटाला लागलेलं असेल तर तो पीव्हीसीचा प्रताप. मऊ, लवचिक, नवीन असताना वास येणारी पाकिटं पीव्हीसीची असतात, त्यातून काळानुसार आम्ल सुटतं. महाग असणं आणि पीव्हीसी नसणं याचा संबंध नाही. ती सगळी पाकिटं आजच फेका, नाणी अॅसिटोनमधून काढा आणि पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा, ती कडक असतात आणि दुमडली की कुरकुरतात.

पण फिक्या हिरव्या रंगाची कोरडी पूड, खाली खड्डा, आणि पुसून परत, हे ऐकून मला काळजी वाटतेय. नाण्यात क्लोराइड शिरलेलं असतं, जमिनीतून किंवा खाऱ्या हवेतून, आणि ओलावा मिळाला की ते तांबं खात जातं, त्यातून परत क्लोराइड सुटतं, असं चक्र. त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात. ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं करा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली की ते शांत पडून राहतं, म्हणून शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक डब्यात टाकाच, कोकणात जूनपासून बाहेर ८०-९० टक्के असते हे तुम्हाला मी काय सांगू. जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरता येतं. नाणं मौल्यवान असेल तर पुढचा उपचार घरी नको, त्यातली रसायनं विषारी असतात, संग्रहालयाच्या संवर्धकाला दाखवा. आणि लाकडी कपाट, रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, हे तिन्ही तांब्याजवळ नको. स्टीलचं कपाट, घराच्या आतल्या भिंतीला, बाथरूमपासून लांब.

प्रश्न: शेतात नांगरताना मडकं लागलं, आत तांब्याची शंभरेक नाणी. भाऊ म्हणतो वाटून घेऊ. (जालना जिल्हा)

दादा, वाटू नका आणि विकू तर अजिबात नका. १८७८ चा निधी (म्हणजे गुप्तधन) कायदा अजून लागू आहे, जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो, लपवला तर शिक्षा आहे. कळवणाऱ्याला त्या कायद्यात हक्कही आहेत, म्हणजे सगळं जाईल असं समजू नका. तलाठ्यांना सांगा, पंचनामा होऊ द्या. मडक्यासकट ठेवा, नाणी सुटी करायचा प्रयत्न नको, चिकटलेली असतील तशीच. एका मडक्यात कुठली नाणी कुठल्या नाण्यांबरोबर होती यावरून त्या गावातून कुठला व्यापार जायचा हे कळतं. शंभर नाणी शंभर घरांत गेली की ते सगळं पुसलं जातं.

प्रश्न: बाबांचा कलेक्शन मला न्यू जर्सीला न्यायचाय. ते गेल्यावर इथे बघणारं कुणी नाही. शिवाय मला स्वतःला सुरू करायचं असेल तर कुठून? (मूळ कोल्हापूर)

बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत, सामानात तर नाहीच नाही, विमानतळावर सापडली की जप्त आणि खटला. शंभर वर्षांच्या आतली असतील तर पुरातत्त्व खात्याकडून तसं प्रमाणपत्र घेऊन जा. बाकीची एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा किंवा बाबांच्या नावानं संग्रहालयाला द्या. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, आधी त्यांच्याशी बोला, आणि बाबांनी प्रत्येक नाण्याची चिठ्ठी लिहून ठेवली असेल तर ती चिठ्ठी नाण्यापासून वेगळी करू नका.

सुरुवात करायची तर व्हिक्टोरियाच्या पाव आण्यापासून करा. नाण्यावर १८६२ पासून "क्वीन", १८७७ पासून "एम्प्रेस", १९०१ पर्यंत. सगळी खऱ्या तांब्याची, कारण १९०६ ला ब्राँझ आलं आणि वजनही १०० ग्रेनवरून ७५ वर उतरलं. अमेरिकेत, भारताबाहेरच्या बाजारात आधीपासून असलेली नाणी कायदेशीर घेता येतात. सगळी वर्षं गोळा करायची घाई नको, वर्षाला दोनच घ्या पण न घासलेली घ्या, आणि भारतात याल तेव्हा मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात अर्धा दिवस काढा, बाबांची यादी सोबत घेऊन, त्यातली कितीतरी तिथे काचेपलीकडे दिसतील.